शक्य आहे, पण संभवत नाही : नरसिंग यादव प्रकरण, २०१६

रिओ ऑलिंपिकला निघालेल्या पैलवान नरसिंग यादवच्या लघवीत मेथँडिनोन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. त्याचं नव्हतं, त्याच्या वकिलांचं नव्हतं, कुस्ती महासंघाचंही नव्हतं. भांडण होतं ते हे औषध पोटात गेलं कसं यावरून, आणि त्याच्याही आधी, ते कसं गेलं हे सिद्ध करायची जबाबदारी कुणाची यावरून. १ ऑगस्ट २०१६ रोजी दिल्लीतल्या शिस्तपालन समितीने सांगितलं की पैलवानाचा घात झालाय, त्याला मोकळं करा. १८ ऑगस्टला रिओत बसलेल्या क्रीडा लवादाने, म्हणजे खेळांतले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने, त्याच दोन नमुन्यांवरून त्याला चार वर्षांसाठी बाद केलं. मध्ये फक्त सतरा दिवस.

तालमीच्या कट्ट्यावर हा विषय अजून निघतो आणि बहुतेक वेळा 'राजकारण झालं' या दोन शब्दांवर संपतो. राजकारण नव्हतं असं कोण म्हणेल? होतं, आणि भरपूर होतं. पण निकाल फिरला तो पुराव्याच्या एका नियमावर. हा नियम आपल्याकडे ना पोराला कुणी समजावून सांगत, ना वस्तादाला. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर.

गदा, कोटा आणि चौऱ्याहत्तर किलो

नरसिंग मूळच्या उत्तर प्रदेशातल्या घरातला, वाढला मुंबईत. वडील पंचम यादव जोगेश्वरीत राहायचे, दुधाचा धंदा करायचे. पोरगा कांदिवलीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात जगमाल सिंग यांच्या हाताखाली तयार झाला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ७४ किलोत सुवर्ण, मग २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा. सलग तीनदा गदा उचलणारा तो पहिलाच. राज्य सरकारने पोलीस दलात उपअधीक्षकाचं पद दिलं. २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य. तेव्हा 'हा मूळचा कुठला' असं विचारणारे होते, पण गदा खांद्यावर आली की असले प्रश्न फार दिवस टिकत नाहीत.

आता गंमत वजनगटाची. सुशीलकुमारची दोन्ही ऑलिंपिक पदकं, २००८ चं कांस्य आणि २०१२ चं रौप्य, ६६ किलोतली. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ च्या शेवटी वजनगटांची फेरमांडणी केली आणि ६६ किलो हा गटच गेला. सुशीलकुमार ७४ मध्ये आला आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये तिथेही सुवर्ण घेऊन गेला. म्हणजे देशातले दोन मोठे मल्ल एकाच दारात येऊन उभे राहिले, आणि ऑलिंपिकला एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल जातो.

सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासला जागतिक स्पर्धा झाली. सुशीलकुमार दुखापतीमुळे नव्हता. नरसिंगने कांस्यपदकाच्या लढतीत फ्रान्सच्या झेलिमखान खाजिएव्हला, स्वतः गुणांवर मागे असताना, चितपट केलं. पदकासोबत भारताला रिओचा कोटा, म्हणजे त्या गटातली ऑलिंपिकची जागा, मिळाली. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती पुढच्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे. कुस्तीत कोटा मल्लाचा नसतो, देशाचा असतो. कोटा कमावला एकाने आणि गेला दुसरा, असं नियमाने होऊ शकतं. सुशीलकुमारचं म्हणणं एवढंच होतं की आमची चाचणी कुस्ती लावा, जिंकेल तो जाईल. महासंघ म्हणाला, ज्याने कोटा आणला तोच जाईल. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ६ जून २०१६ ला न्यायालयाने याचिका फेटाळली. कुणाला पाठवायचं हा महासंघाचा अधिकार, त्यात आम्ही हात घालणार नाही, असा त्याचा सूर.

दोन महिने देशभरच्या आखाड्यांत दोन तट पडले होते. इकडे महाराष्ट्रात वेगळीच हवा. १९५२ ला हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या मातीतून ऑलिंपिकचं कुस्तीपदक आलेलं नाही. या वेळी येईल, असं मनापासून वाटत होतं.

नव्वद मिलिलिटर

उत्तेजक चाचणीबद्दल लोक फार बोलतात, पण ती प्रत्यक्षात कशी होते हे थोड्यांनाच माहीत असतं. अधिकारी येतो, न सांगता येतो. ओळखपत्र दाखवतो, पैलवानाची सही घेतो, आणि त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत कुणीतरी सतत त्याच्यासोबत असतं. लघवी देताना अधिकारी समोर उभा असतो, शर्ट छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत मागे. लाजायची सोय नाही. किमान नव्वद मिलिलिटर लागतं. सराव करून घाम गाळलेल्या पैलवानाला तेवढं होत नाही, मग तो तासन्‌तास पाणी पीत बसतो. आणि पाणी जास्त झालं की नमुना पातळ ठरतो, पुन्हा थांबा. सीलबंद संचांतून एक संच पैलवान स्वतः निवडतो. 'अ' आणि 'ब' अशा दोन बाटल्यांत स्वतःच्या हाताने ओततो, स्वतःच झाकण फिरवतो. झाकण कट कट आवाज करत एकाच दिशेने बसतं, फोडल्याशिवाय परत उघडत नाही. मग अर्जावर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं, पूरकं लिहायची आणि खाली सही करायची.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की बाटलीत काय आलं यावर वाद घालायला जागा फार कमी उरते. बाटलीच्या आधी काय झालं यावर मात्र भरपूर जागा असते.

नरसिंगचा २ जूनचा नमुना स्वच्छ होता. २५ जूनला सोनीपतच्या साई केंद्रातल्या राष्ट्रीय शिबिरात घेतलेल्या नमुन्यात मेथँडिनोनचे अंश सापडले. ५ जुलैच्या नमुन्यातही सापडले. 'ब' नमुना उघडताना तो स्वतः हजर होता. २४ जुलैच्या सुमारास बातमी फुटली. त्याच्यासोबत खोलीत राहणारा दुसरा एक मल्लही त्याच औषधासाठी सदोष ठरला. महासंघाने ७४ किलोसाठी घाईघाईने परवीन राणाचं नाव पुढे केलं.

जुनं औषध, नवा माग

मेथँडिनोन म्हणजे स्टिरॉइडच्या दुनियेतलं म्हातारं औषध. सिबा कंपनीने १९५८ च्या सुमारास ते डायनाबोल या नावाने अमेरिकेच्या बाजारात आणलं. व्यायामशाळेतली पोरं आजही त्याला 'डी-बोल' म्हणतात. सुई नको, गोळी गिळली की झालं, हे त्याचं आकर्षण. साधं टेस्टोस्टेरॉन तोंडावाटे घेतलं तर यकृत ते वाटेतच मोडून टाकतं. इथे रेणूत असा एक बदल केलेला आहे की यकृताला ते सहज मोडता येत नाही. त्याची किंमतही यकृतच मोजतं.

शरीरातून मूळ औषध काही तासांत निम्मं होत जातं, दोनचार दिवसांत जवळजवळ संपतं. पूर्वी खेळाडूंना याचाच आधार होता. २००६ मध्ये कोलोनच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी या औषधाचा एक असा चयापचयी अंश दाखवून दिला की जो तीन आठवड्यांच्या आसपासपर्यंत लघवीत मागे राहतो. या एका शोधाने जुन्या, 'कधीच धुवून गेलं' समजलेल्या गोळ्या पकडीत आल्या. आणि या प्रकरणात महत्त्वाचं म्हणजे, दहा दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने शेजारी ठेवून, औषध कधी आणि साधारण किती गेलं असेल याचा हिशेब मांडता येऊ लागला.

पैलवानाची कैफियत

नरसिंगचं म्हणणं सरळ होतं. मी घेतलं नाही, मला दिलं गेलं. जूनच्या सुरुवातीला शिबिराच्या स्वयंपाकघरात जेवणात काहीतरी मिसळण्याचा प्रयत्न झाला, आणि नंतर, पहिल्या नमुन्याच्या एकदोन दिवस आधी, सरावादरम्यानच्या माझ्या पेयात भुकटी टाकली गेली. शिबिराशी संबंध असलेल्या एका अल्पवयीन कनिष्ठ मल्लावर त्याने बोट ठेवलं. सोनीपतच्या राई पोलीस ठाण्यात तक्रारही दिली. लक्षात ठेवायची गोष्ट ही की तक्रार झाली ती नमुने सदोष ठरल्यावर, जुलैच्या शेवटी.

त्याच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. ऑलिंपिक महिन्यावर आलेलं, स्वतःवर सगळ्या देशाचं लक्ष, चाचण्या होणार हे पक्कं ठाऊक, २ जूनचा नमुना स्वच्छ, अशा वेळी हा माणूस इतकं जुनं आणि सहज सापडणारं औषध घेईल कशाला? शिवाय खोलीतला जोडीदार, जो रिओला जाणारही नव्हता, त्याच्याही अंगात तेच औषध. दोघांचं खाणंपिणं एकत्र.

हे सगळं ऐकलं की माणूस पटकन हो म्हणतो. मीही त्या आठवड्यात म्हणालो होतो. पण खोलीतल्या जोडीदाराचा मुद्दा दुधारी आहे. दोघांच्या पेल्यात कुणी टाकलं असेल, तसंच दोघांनी मिळूनही घेतलं असेल. तो एकटा पुरावा दोन्हीपैकी कोणत्याच बाजूला झुकत नाही.

आणि हेही इथेच सांगून टाकायला हवं, कारण कट्ट्यावर ते नेहमी गाळलं जातं. या सगळ्यात सुशीलकुमारच्या नावाची कुजबुज खूप झाली. पण दोन्हीपैकी एकाही न्यायपीठाने त्याच्याकडे बोट दाखवलेलं नाही.

दिल्ली : 'एकदाच गेलं, मुद्दाम नाही'

नाडा आणि वाडा ही नावं ऐकली की मराठी माणसाला आधी हसूच येतं. एकाला चड्डी आठवते, दुसऱ्याला चौक आणि तुळशीवृंदावन. पण या दोन संस्थांचं आपसातलं नातं समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वाडा ही १९९९ ला स्थापन झालेली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, नियमावली तिची. नाडा ही तीच नियमावली भारतात राबवणारी आपली राष्ट्रीय संस्था. नाडाच्या शिस्तपालन समितीने निकाल दिला की तो अखेरचा, असं नाही. तो पटला नाही तर वाडा थेट लवादाकडे जाऊ शकते, आणि त्यासाठी तिला कुणाची परवानगी लागत नाही.

जुलैच्या अखेरीस समितीसमोर सुनावणी झाली. १ ऑगस्टला नाडाचे महासंचालक नवीन अगरवाल यांनी बाहेर येऊन निकाल वाचून दाखवला. त्याचा गाभा असा : २ जूनचा नमुना स्वच्छ होता, औषध एकदाच शरीरात गेलेलं दिसतं, एकदा घेऊन काही फायदा होईल हे कल्पनेपलीकडचं, म्हणून हे हेतुपुरस्सर नाही, खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या घातपाताचा बळी आहे. बाहेर हार, घोषणा. दुसऱ्या दिवशी नरसिंग पंतप्रधानांना भेटला. परवीन राणाचं नाव मागे पडलं, नरसिंगचं पुन्हा पुढे आलं.

या निकालातला कच्चा दुवा मला वाटतो तो 'फायदा' या शब्दात. खेळाडूला फायदा झाला का, हे उत्तेजकविरोधी नियमावली विचारतच नाही. तिचा पाया वेगळा आहे : शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, हेतू असो की नसो. एकदा सापडलं की संस्थेचं काम संपतं. तिथून पुढे ओझं खेळाडूच्या डोक्यावर. ते शरीरात कसं आलं हे त्याने दाखवायचं, आणि मग त्यात आपला दोष नव्हता हेही त्यानेच दाखवायचं. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे संशयाचा फायदा कुणालाच नाही.

घातपाताबद्दल तर नियमावलीच्या टिपणीत स्वतंत्र ओळी आहेत आणि त्या कडक आहेत. सगळी काळजी घेऊनही प्रतिस्पर्ध्याने घात केला असं खेळाडूने सिद्ध केलं, तर तो पूर्ण सुटू शकतो. पण पूरकाच्या डब्यावर न लिहिलेलं काही त्यात निघालं, तर पूर्ण सुटका नाही. डॉक्टरने न सांगता दिलं, तरी नाही. आणि नवऱ्याने-बायकोने, प्रशिक्षकाने किंवा आपल्या माणसांतल्या कुणी खाण्यापिण्यात मिसळलं, तरीही नाही. कारण आपलं खाणंपिणं कुणाच्या हाती सोपवायचं ही निवड खेळाडूची. हे वाचताना मला सरावाच्या हॉलमधलं दृश्य डोळ्यांपुढे येतं. मॅटच्या कडेला बाकावर ओळीने ठेवलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, काहींची झाकणं उघडी, कुणाची कोणती हे फक्त टोपणाच्या रंगावरून कळणारं. एक संपली की शेजारची तोंडाला. थंडाई वाटायला बसलेलं पोरगं कुणाचं, दूध कुणी आणलं, बदाम कुणी सोलले, हे विचारणं म्हणजे अपमान. आपली खुराकाची सगळी संस्कृती एकमेकांवरच्या भरवशावर उभी आहे. नियमावलीला हा भरवसा नको आहे. तिला टोपणावरचं सील हवं आहे.

याआधी एकदा असंच

भारतीय अधिकाऱ्यांना रिओतल्या निकालाचा धक्का बसला याचंच मला नवल वाटतं. पाच वर्षांपूर्वी अगदी असंच घडलं होतं, औषधही हेच. २०११ मध्ये अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर, सिनी जोस अशा ४०० मीटर धावणाऱ्या मुली सदोष ठरल्या. यांतल्या तिघी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये चार गुणिले चारशे रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघातल्या, सगळ्या देशाच्या लाडक्या. त्यांचं म्हणणं, युक्रेनियन प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी चीनमधून आणून दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते आलं. डिसेंबर २०११ मध्ये नाडाच्या समितीने सहानुभूतीने एका वर्षाची बंदी घातली. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघ लवादाकडे गेला आणि जुलै २०१२ मध्ये लवादाने ती दोन वर्षांची केली.

घरातल्या समितीला पोरगी समोर रडताना दिसते. लवादासमोर कागद असतात. दोघांपैकी कुणाचं बरोबर, हा वेगळा वाद. पण दिल्लीतली सहानुभूती लुझानला, लवादाच्या मुख्यालयात, पोचेपर्यंत वाळून जाते, हे २०१२ लाच कळायला हवं होतं.

रिओ

अटलांटाच्या १९९६ च्या स्पर्धेपासून क्रीडा लवाद प्रत्येक ऑलिंपिकच्या गावात तात्पुरतं न्यायपीठ मांडतो. महिने लावायचे नाहीत, शक्यतो दिवसाच्या आत निकाल. वाडाने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे अपील दाखल केलं. नरसिंगची ७४ किलोची लढत १९ तारखेला. पहिला प्रतिस्पर्धी कोण, तर झेलिमखान खाजिएव्ह, लास व्हेगासला ज्याला चितपट करून हा कोटा आला होता तोच.

१८ ऑगस्ट भारतासाठी विचित्र दिवस होता. पहाटे, राखीपौर्णिमेच्या दिवशी, साक्षी मलिकच्या कांस्याची बातमी आली होती. संध्याकाळी सिंधू अंतिम फेरीत गेली. रात्र उलटून गेल्यावर रिओतून नरसिंगचा निकाल आला.

लवादासमोर कळीची साक्ष होती माँट्रिअलच्या प्रयोगशाळेच्या संचालिका क्रिस्तियान आयोत यांची. त्या या क्षेत्रातल्या जगातल्या मोजक्या जाणकारांपैकी एक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : २५ जूनच्या नमुन्यातलं प्रमाण इतकं आहे की पाण्यात मिसळलेल्या भुकटीपेक्षा एकदोन गोळ्या तोंडावाटे घेतल्याचंच ते लक्षण आहे, आणि दोन्ही नमुने मिळून पाहिले तर हे एका वेळचं काम दिसत नाही. इथे एक साधं रसायनशास्त्रही आठवावं. मेथँडिनोन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. बाटलीत टाकलेली भुकटी तळाशी बसते, कडेला चिकटते. तिचा किती भाग घशाखाली जाईल याचा नेम नाही.

म्हणजे दिल्लीच्या निकालाचा जो खांब होता, 'एकदाच गेलं', तोच इथे मोडला. आणि या साक्षीला तोडीस तोड उत्तर देईल असा तज्ज्ञ समोरच्या बाजूने उभा राहिलेला दिसत नाही. दिल्लीत सहानुभूती, परिस्थिती, हेतूचा अभाव यांवर बाजू उभी होती. रिओत प्रश्न नॅनोग्रॅमचा होता.

लवादाने निष्कर्ष काढला की खेळाडूने प्रतिबंधित औषध गोळीच्या रूपात, एकापेक्षा अधिक वेळा घेतलं असण्याचाच संभव जास्त. घातपाताच्या कथेबद्दल त्याचं म्हणणं असं की ती शक्य आहे, पण संभाव्य नाही, आणि तिला खऱ्या पुराव्याचा आधार तर नाहीच. जे आहे ते सगळं परिस्थितिजन्य. चार वर्षांची बंदी, त्याच दिवसापासून. ओळखपत्र रद्द, क्रीडाग्राम सोडा.

'शक्य' आणि 'संभाव्य' हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. लवादापुढे त्यांच्यामध्ये चार वर्षं मावतात. खेळाडूला अगदी शंभर टक्के सिद्ध करायचं नसतं; पारडं निम्म्याहून जरासं जरी त्याच्या बाजूला झुकलं तरी पुरतं. म्हणजे अट तशी हलकी. पण पारड्यात टाकायला काहीतरी लागतं.

ते काय असू शकतं, याचं उदाहरण फ्रान्सच्या रिशार गास्केचं. २००९ मध्ये मायामीत या टेनिसपटूच्या नमुन्यात कोकेन सापडलं. त्याची कैफियत ऐकून लोक हसले : आदल्या रात्री क्लबमध्ये एका मुलीचं चुंबन घेतलं, तिने कोकेन घेतलेलं होतं. ऐकायला ही कथा नरसिंगच्या कथेपेक्षा कितीतरी जास्त बनावट वाटते. पण त्याच्या लघवीतलं प्रमाण इतकं सूक्ष्म होतं की नशेसाठी घेतलेल्या कोकेनशी ते जुळत नव्हतं, आणि केसांच्या चाचणीतही नियमित सेवनाची खूण नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लवादाने ते मान्य केलं. कथा विचित्र, पण आकडे तिच्या बाजूने. नरसिंगची कथा सोनीपतचं वातावरण माहीत असलेल्या कुणालाही सहज पटेल अशी, आणि आकडे तिच्या विरुद्ध.

मला नेहमी वाटतं की या प्रकरणाचा निकाल ना १ ऑगस्टला लागला, ना १८ ला. तो जूनच्या सुरुवातीलाच लागला, जेव्हा स्वयंपाकघरात कुणीतरी काहीतरी मिसळताना दिसलं असं म्हणतात. त्याच दिवशी ते जेवण पिशवीत बांधून सीलबंद करून प्रयोगशाळेत गेलं असतं, त्याच दिवशी पोलिसांत लेखी नोंद झाली असती, नाडाला आणि महासंघाला पत्र गेलं असतं, तर ऑगस्टमध्ये लवादासमोर शब्दांऐवजी कागद असते. आणि त्याहून साधं : एवढा प्रकार झाल्यावर त्या पैलवानाचं खाणं वेगळं शिजलं असतं, बाटली कुलुपात राहिली असती, तर पेयाचा प्रश्नच कदाचित आला नसता. ज्या मल्लाच्या जागेसाठी उच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं होतं त्याच्या ताटाची राखण कुणाकडे होती, हे महासंघाला आणि शिबिराच्या व्यवस्थापनाला कुणी कडक शब्दांत विचारल्याचं मला आठवत नाही. पुढे तपास सीबीआयकडे गेला. पण फौजदारी तपास काहीही सांगो, त्याने लवादाचा निकाल आपोआप बदलत नाही; दोन्हींच्या वाटा वेगळ्या.

१९ तारखेला ७४ किलोची कुस्ती झाली. अंतिम लढतीत रशियाचा अनुआर गेदुएव्ह डोक्याला पट्ट्या बांधून, रक्ताळलेला, सहा गुणांनी पुढे होता. इराणच्या हसन यझदानीने सहा-सहा बरोबरी केली आणि नियमाच्या निकषावर सुवर्ण नेलं. त्या गटाच्या यादीत भारत नव्हता.

बंदी संपली ऑगस्ट २०२० च्या मध्यावर. टोकियोचं ऑलिंपिक ठरल्याप्रमाणे झालं असतं तर ते ९ ऑगस्टलाच आटोपलं असतं, म्हणजे नरसिंगला बंदीने जेमतेम आठवडाभराने हुकवलं असतं. कोरोनामुळे स्पर्धा वर्षभर पुढे गेली आणि एक दार किलकिलं झालं. डिसेंबरमध्ये बेलग्रेडच्या विश्वचषकाला तो गेला, तोही दुसऱ्या मल्लाच्या जागी. एकतीस वर्षांचा झाला होता, चार वर्षं एकही अधिकृत कुस्ती नाही. पहिलीच लढत हरला. टोकियोत ७४ किलोत भारताकडून कुणीच उतरलं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाच्या अध्यक्षपदी तो निवडून आला. मल्लांच्या तक्रारी आता त्याच्याकडे येतात.